दानाच्या दुधातली ओंजळ

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी सात वर्षं टेस्टर होते. टेस्टर म्हणजे सकाळ-संध्याकाळ टेबलामागं उभं राहून लोकांच्या किटलीतलं दूध तपासणारी बाई. दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, पाणी घातलं की उतरते ती डिग्री बघायची, फॅट काढायचं, चिठ्ठी लिहायची आणि शिव्या खायच्या. डिग्री चांगली आली तर जनावर गुणाचं, कमी आली तर टेस्टर वाईट, असा तिथला न्याय होता. मला त्याचं फारसं काही वाटत नसे. माझा स्वभाव मुळातच खडूस आहे. सासूबाई म्हणायच्या, हिला पाण्यातबी खडा सापडंल. त्या हे कौतुकानं म्हणत नव्हत्या, पण मी ते कौतुक म्हणूनच घेतलं आणि पुढची कितीतरी वर्षं मिरवलं.

ही नोकरी मला थोरल्या जावेमुळं मिळाली. चौसाळ्याहून आत, हमरस्ता सोडून तासाभराच्या कच्च्या वाटेवर आमचं गाव. तिथं लग्न होऊन आलेल्या सुनेनं चारचौघांत टेबलामागं उभं राहायचं, तेही दिवसातून दोनदा, हे घरात कुणालाच पटलं नव्हतं. संस्थेला बारावी शिकलेलं माणूस हवं होतं आणि गावात तेवढी शिकलेली मीच होते. सासूबाईंनी विचारलं, शेणपाणी कोण करणार? तेव्हा जाऊ चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. बसल्या बसल्याच म्हणाली, "मी हाय की. दोन घरचं शेण काय न् एका घरचं काय. जाऊ द्या तिला." त्या दिवसापासून आमच्या गोठ्यातलं शेण तिनं काढलं. मी तिला आक्का म्हणत असे. तिचं घर आमच्या घराला लागूनच, मधे फक्त कमरेएवढी भिंत. थोरले दीर दसरा झाला की ऊस तोडायला जायचे ते पाडव्यालाच परत यायचे, त्यामुळं वर्षातले सहा महिने त्या घरात ती, तिची पोरगी आणि एक तांबडी गाय एवढीच असायची.

गाय तिच्या माहेरची होती. म्हणजे माहेराहून आलेल्या गाईच्या कालवडीची कालवड. दूध काही फार देत नसे, आमच्याकडच्या तांबड्या गाई तशा दुधाच्या नसतातच. पण आक्काचा सगळा बाहेरचा व्यवहार त्या गाईवर चाले. तेलमीठ, पोरीच्या वह्या, दवाखाना, सगळं दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पगारातून. दिरांनी आगाऊ उचल घेतली ती कारखान्याच्या मुकादमाची, तिच्यात आक्काचं काही नव्हतं. गाय मात्र तिची स्वतःची होती.

दुधाच्या बाबतीत आमच्या घराण्यात एक रीत होती. लग्नानंतर महिन्याभरात ती मला आक्कानंच शिकवली. शेजारी कुणी बाळंत झाली होती, तिच्यासाठी सासूबाईंनी तांब्याभर दूध द्यायला सांगितलं. मी निघाले तशी आक्कानं मला थांबवलं, रांजणातलं ओंजळभर पाणी घेतलं आणि तांब्यात सोडलं. मी बघतच राहिले. ती म्हणाली, "इकायचं दूध निरसं न्यावं. द्यायचं दूध कोरडं देऊ न्हाई. जनावर आटतं." मी शिकलेली, मला हसू आलं. पण नवी नवरी काय बोलणार? पुढं मीही तसंच करू लागले. देवाला, शेजाऱ्याला, भिकाऱ्याला, ज्याला दूध फुकट द्यायचं त्याच्या दुधात ओंजळभर पाणी. डेअरीला घालायचं दूध मात्र तसंच, धारेचं. ह्यात कधी कुणाची गल्लत झाली नाही. गावात अशी रीत पाळणारी आमच्यासारखी चार-दोनच घरं उरली होती. बाकीच्यांनी बँकेचं कर्ज काढून जर्सी गाई आणल्या होत्या, आणि जर्सीला कसली आलीय रीत.

पहिला दुष्काळ पडला तेव्हा मी टेस्टर होऊन वर्षच झालं होतं. मुंबईला राहणाऱ्या आमच्याच भागातल्या लोकांनी वर्गणी जमवून संस्थेकडं पाठवली, जनावरांच्या चाऱ्यासाठी म्हणून. संस्थेचे चेअरमन गावातले मोठे शेतकरी. नात्यानं लांबचे का होईना सासरे लागतात म्हणून आम्ही सगळ्या सुना त्यांना मामा म्हणायचो. वर्गणी आली हे सगळ्यांना कळलं, कारण त्यांनीच फुलांच्या हारासकट सांगितलं. चारा आला हे मात्र कुणाला दिसलं नाही. पुढच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि विचारलं, "मामा, मुंबईचे पैसे कुठं गेले?"

"खर्च झाले की," ते म्हणाले.

"कशात?"

"दुष्काळात."

सगळे हसले. मीही खाली बसले. पण ते उत्तर माझ्या मनातून गेलं नाही. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुठं मागायची, असं मी घरी येऊन बडबडत होते. नवरा म्हणाला, तू दुधातलं पाणी बघ, माणसातलं बघू नको. आमचं आठ दिवस बोलणं नव्हतं.

दोन वर्षांनी पुन्हा पाऊस गेला. ह्या वेळी विहिरींनी दिवाळीलाच तळ दाखवला आणि संक्रांतीपर्यंत कडब्याच्या गंजी संपल्या. तेव्हा पुण्याच्या एका ट्रस्टचे साहेब आले. निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. स्वतःची पाण्याची बाटली आणली होती, पण आमच्यासमोर त्यांनी ती उघडली नाही, एवढं मला आठवतं. त्यांनी संस्थेच्या ओट्यावर सभासदांना बसवून सरळ सांगितलं. ट्रस्ट उन्हाळाभर चारा देईल, पण फुकट नाही. गावानंही आपला वाटा टाकायचा. एका सकाळचं दूध प्रत्येक सभासदानं दान करायचं, ज्याला जेवढं जमेल तेवढं. ते दूध विकून येतील ते पैसे चाऱ्याच्या फंडात, त्यावर ट्रस्ट कितीतरी पट घालणार. जो दूध देईल त्याचं नाव चाऱ्याच्या यादीत येणार.

"अट एकच," साहेब म्हणाले. "प्रत्येकाचं दूध तपासायचं आणि चिठ्ठी मला द्यायची. पाणी निघालं तर ते नाव यादीत राहणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. एका गावात लोकांनी लिटर वाढवायला बादल्यांनी पाणी ओतलं, आणि पैसे देणारी माणसं जाब मला विचारतात."

मागून कुणीतरी म्हणालं, "धरमाची गाय अन् दात का न्हाई?" पण मला ती अट मनापासून आवडली. मुंबईच्या वर्गणीचं ते उत्तर माझ्या पोटात अजून जळत होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "चिठ्ठ्या कागदात राहत्याल साहेब. फळ्यावर लिवा. नाव, लिटर, डिग्री, समद्यांसमोर. मंग कुणी म्हणायला नको की झाकून केलं."

साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. चेअरमनसुद्धा म्हणाले, वा सूनबाई. तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला अभिमान वाटला. दूध तपासण्याची अट साहेबांची होती. फळ्याची माझी.

दानाच्या दिवशी सकाळी ओट्यावर जत्रा भरल्यासारखी गर्दी झाली. शाळेतून फळा आणून भिंतीला टेकवला होता, साहेब खुर्चीवर आणि त्यांच्यासोबत आलेली एक मुलगी फोटो काढायला. पहिला कॅन चेअरमनांचा. चाळीस लिटर. मी लॅक्टोमीटर सोडला, डिग्री उत्तम, फॅट उत्तम. मी फळ्यावर लिहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. त्यांच्या गोठ्यात तेव्हा दोनच म्हशी उरल्या होत्या, त्यांना चाळीस लिटर कुठून आलं हा प्रश्न त्या क्षणी माझ्या डोक्यात आला नाही. आला असता तरी लॅक्टोमीटर एवढंच सांगतो की दूध शुद्ध आहे. दूध कुणाचं ते त्याला कळत नाही.

मग एकेक जण आला. दोन लिटर, दीड लिटर, लिटरभर. जर्सीवाल्यांचं दूध पातळ, पण पाणी नव्हतं. मी प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचून फळ्यावर लिहीत होते. माझा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठा होता.

आक्का जवळजवळ शेवटी आली. हातात किटली नव्हती, पितळी तांब्या होता, वर पदराचं टोक धरलेलं. तांब्या बघितला आणि मी हातातला खडू खाली ठेवला. डेअरीला ती रोज किटली घेऊन यायची. तांब्या आमच्या घरात द्यायच्या दुधाचा होता.

"थोडंच हाय बाई," ती हळूच म्हणाली. "पर समदं आणलंय. वासराला बी सोडलं न्हाई आज."

पाऊण लिटरसुद्धा नव्हतं. मी ते ओतलं आणि लॅक्टोमीटर सोडला. तो खाली जात राहिला. बावीस. धारेचं दूध अठ्ठावीसच्या खाली कधी येत नाही. मी दूध ढवळलं, पुन्हा सोडला. पुन्हा बावीस.

मला सगळं कळलं होतं. ती ओंजळ मला दिसत होती. गाय पाच-सहा लिटर द्यायची तेव्हा हीच ओंजळ त्यात घातली असती तर लॅक्टोमीटरला पत्ताही लागला नसता. ओंजळ तेवढीच राहिली होती, दूध आटलं होतं. आणि रीत कुणासाठी पाळायची? तर ते उरलंसुरलंही आटू नये म्हणून.

मागून एकजण म्हणाला, "घरचंच दूध हाय, आता बघू काय लिवती ती." दुसरा खोकला. चेअरमन खुर्चीतून पुढं झुकले आणि म्हणाले, "काय आली गं सूनबाई डिग्री?" साहेब माझ्याकडं बघत होते. ते बघणं विश्वासाचं होतं, हे आणखी वाईट.

मी अठ्ठावीस म्हणू शकले असते. मी तिथंच सांगू शकले असते की ही आमच्या घराची रीत आहे, मीसुद्धा असंच करते, माझ्या दानाच्या दुधातही ओंजळ असती. खरं तर नसती. माझ्या घरचं दूध मी सकाळी स्वतः मोजून, जपून, पाण्याचा थेंबही न घालता आणलं होतं, कारण आज तपासणी आहे हे मला माहीत होतं. तपासणी असते तेव्हा रीत मोडायची असते हे मला शाळेनं शिकवलं होतं. आक्काला ते कुणी सांगितलं नव्हतं. रोज तिच्याशी भिंतीवरून बोलणाऱ्या मीसुद्धा नाही. मला सुचलंच नाही. ही माझी खरी चूक, फळ्यावरची नंतरची.

मी म्हणाले, "बावीस." आणि लिहिलं.

आक्कानं फळ्याकडं बघितलं. तिला अक्षरं जोडून वाचता येत नसत, आकडे मात्र येत. तिनं वरचे सगळे आकडे बघितले, मग स्वतःचा. रिकामा तांब्या मी तिच्या हातात दिला. ती ओट्याच्या पायऱ्या उतरून गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "दानात बी पानी घालत्यात बे लोक." ते वाक्य तिनं ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी ऐकलं.

दुपारी मी भिंतीजवळ गेले. ती दाराशी ज्वारी निवडत बसली होती. ती भांडेल, मला चार शब्द सुनावेल, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं वर न बघता विचारलं, "तू असतीस तर घातलं असतंस का न्हाई पानी?"

"घातलं असतं आक्का," मी म्हणाले. हेही खोटंच होतं.

"मंग?" ती म्हणाली, आणि पुन्हा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी चेअरमनांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई, उद्या जो उठंल तो म्हणंल आमची रीत हाय. फळा कुणी लावायला सांगितला? तूच ना? मंग आता कावून रडतीस?" त्यांच्या बोलण्यात मजा होती. दोन वर्षांपूर्वीच्या सभेची परतफेड होती ती. पण बोलणं चूक नव्हतं, हे मला आजही मान्य करावं लागतं.

पहिला ट्रक आला तेव्हा त्याच्यासोबत साहेब आले. उसाचं वाढं आणि हिरवा मका, ताडपत्रीखाली ओला वास. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. रीत, तांब्या, ओंजळ, वासरू. ते फार लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, मला पटतंय. पण मी हे लिहू कुठं? माझ्या कागदावर शुद्ध आणि भेसळ असे दोनच रकाने आहेत. आणि एकदा मी शब्दावर विश्वास ठेवला होता, तेव्हा अख्खा ट्रक रस्त्यातच विकला गेला. देणारी माणसं साधी आहेत, कुणी पेन्शनीतून देतं. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

मुंबईच्या वर्गणीसाठी सभेत जे विचारायला मी उभी राहिले होते, तेच ते स्वतःला विचारत होते. माझ्या बाजूचाच माणूस होता तो.

जाताना त्यांनी खिशातून काही नोटा काढल्या. म्हणाले, हे माझे, ट्रस्टचे नाहीत, त्या बाईंना चाऱ्यासाठी द्या. मी त्या घेऊन आक्काकडं गेले. तिनं नोटांकडं बघितलंसुद्धा नाही. "हे घेतलं तर खरंच पानी घातलंवतं असं व्हईल," ती म्हणाली. "परत कर." मी परत केल्या. मग मी आमच्या वाट्याच्या दोन पेंढ्या भिंतीवरून तिच्या अंगणात टाकल्या. सकाळी त्या आमच्या दारात होत्या, सोडलेल्या नव्हत्या, बांधलेल्याच.

दर आठवड्याला ट्रक येई. यादी वाचली जाई, सह्या-अंगठे होत, पेंढ्या मोजून दिल्या जात. एक पेंढी इकडची तिकडं झाली नाही. तसा चोख कारभार आमच्या गावानं कधी बघितला नव्हता आणि त्यातलं निम्मं काम मी करत होते. रोज करत होते आणि रोज भिंतीपलीकडं ती गाय हंबरत होती. आमच्या म्हशीला वाढं टाकलं की तिला वास जायचा. मी म्हशीला घराच्या पलीकडच्या बाजूला बांधायला लागले. वास तरीही जायचा.

आक्का बाभळीच्या शेंगा गोळा करून आणी, ओढ्याकाठचं वाळकं गवत कापून आणी. डेअरीला किटली घेऊन यायचं तिनं थांबवलं नाही, पण किटलीत तळाशीच काहीतरी असे. मी तपासायची, चिठ्ठी द्यायची. शुद्ध. अगदी शुद्ध. मी ते मोठ्यानं म्हणत असे, इतरांना ऐकू जाईल असं. तिनं एकदा मला थांबवलं. "वरडू नको बाई," म्हणाली. बस, एवढंच.

आणि दानाची सकाळ ज्यात होती त्या दहा दिवसांचे दुधाचे पगार झाले तेव्हा सगळ्यांच्या कागदावर "घट" म्हणून थोडी थोडी रक्कम कापलेली दिसली. डेअरीत घट नेहमीच असते, सांडलवंड होते. पण ह्या वेळी जरा जास्त होती. मी आमची वही आणि वर शीतकेंद्राकडं गेलेल्या कॅनच्या पावत्या शेजारी ठेवल्या. दानाच्या आदल्या संध्याकाळी जमलेल्या दुधातलं चाळीस लिटर वर पोचलंच नव्हतं. म्हणजे चेअरमनांनी दान केलं ते आमचंच दूध. सगळ्या सभासदांचं. त्यात आक्काच्या गाईचंही संध्याकाळचं अर्धा-पाऊण लिटर होतं, आणि त्याची घट तिच्याही पगारातून कापली होती.

मी वही घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी वही उघडली नाही. "दूध शुद्ध होतं का न्हाई?" त्यांनी विचारलं. "चिठ्ठी तुझ्याच हातची हाय ना? फळ्यावर तूच लिवलं ना?" मग जरा हसून, "दुधाचं दूध आन् पाण्याचं पाणी तूच केलंस, सूनबाई."

मी साहेबांना पत्र लिहिलं. तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. ट्रस्टनं चारा थांबवला तर? गावातली सगळी जनावरं त्या ट्रकवर जगत होती. मी घाबरले. पाण्यात खडा शोधणारी मी, हातात धोंडा सापडला तेव्हा मूठ मिटून बसले. त्या भ्याडपणाला शहाणपण म्हणायचं की काय ते मी ठरवू शकलेले नाही. पण मला तेव्हा वाटलं, तो भ्याडपणाच होता, आणि आजही तेच वाटतं.

फाल्गुनात आक्कानं गाय विकली. दीर आले नव्हते, तीच स्वतः नेकनूरच्या बाजाराला घेऊन गेली. सकाळी गोठ्यातून बाहेर काढली तेव्हा गाईच्या बरगड्या लांबूनही मोजता आल्या असत्या. वासरू मागं मागं चाललं होतं. आक्कानं दाराशी गाईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं. त्या वर्षी पाण्याचा घोट घोट आम्ही मोजून वापरत होतो, तिनं तांब्याभर ओतलं. मी भिंतीच्या अलीकडं उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही आणि मीही हाक मारली नाही. दुपारी ती पायीच परत आली. हातात दावं होतं. दावं कधी विकत नाहीत आमच्याकडं.

पावसाळ्यात ट्रस्टचा अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. एका पानावर मी होते, हातात लॅक्टोमीटर, मागं फळा. खाली लिहिलं होतं की गावातल्या एका महिलेच्या पुढाकारानं संपूर्ण कारभार लोकांसमोर झाला. कुठून किती आलं, कशावर किती गेलं, सगळं पैशापैशाला लावलेलं. शेवटच्या पानावर एक ओळ होती: भेसळ करणाऱ्या एका सभासदास लाभातून वगळण्यात आले. नाव नव्हतं. माझ्या फोटोचं ते पान नवऱ्यानं कौतुकानं चौकट करून भिंतीवर लावायचं म्हटलं. मी ते ट्रंकेच्या तळाशी टाकलं. अजून तिथंच आहे. मी खोटं बोलणार नाही, तो अहवाल चुकीचा नव्हता. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चाळीस लिटरचंही नाही, बावीस डिग्रीचंही नाही.

त्यानंतर तीन पावसाळे बरे गेले. मी टेस्टरची नोकरी सोडली. कारण विचारलं तर पाठ दुखते म्हणून सांगितलं. आक्कानं पुन्हा जनावर घेतलं नाही. आमचं बोलणं बंद झालं नव्हतं, सणावाराला, कार्याला ती येई, कामाला हात लावी. पण भिंतीवरून बोलणं संपलं होतं. पुढं तिची पोरगी पहिल्या बाळंतपणाला आली. पोराला आईचं दूध पुरत नव्हतं, ते दिवसभर रडत होतं आणि ते रडणं आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येत होतं. आक्का माझ्याकडं मागायला येणार नाही हे मला माहीत होतं.

आमच्या नव्या म्हशीची सकाळची धार काढून झाली होती. मी पितळी तांब्या घेतला, भरला आणि रांजणापाशी येऊन थांबले. हात सवयीनं पाण्याकडं गेला. ह्या बाईच्या दारात मी पाणी घातलेलं दूध घेऊन जाऊ? मी हात मागं घेतला. पहिल्यांदाच त्या घरात कोरडं दूध घेऊन निघाले.

ती दाराशीच बसली होती, पोर मांडीवर. मी तांब्या पुढं ठेवला आणि म्हणाले, "लेकराला आणलंय." तिनं तांब्यात डोकावून बघितलं, मग बोटानं थेंब घेऊन जिभेवर ठेवला. सात वर्षं हे काम मी लॅक्टोमीटर घेऊन केलं होतं.

"कोरडंच आणलंस," ती म्हणाली.

तिनं पोर माझ्या हातात दिलं, उठली, तिच्या माठातलं ओंजळभर पाणी घेतलं आणि तांब्यात सोडलं. "नवी म्हैस हाय तुझी," म्हणाली. "आटंल."

तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिनं ते माझ्यासाठी केलं नाही, म्हशीसाठी केलं.